दुकानाच्या पेजवर लोक काय काय लिहितात, त्याला उत्तर कसं द्यायचं? (बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या धंदेवाल्यांसाठी)

भट्टीवाली_शहापूर

नमस्कार मंडळी. आमचं शहापुरात कुंद्याचं, म्हणजे दूध आटवून करतात त्या मिठाईचं, दुकान हाय, भट्टी मागंच. भट्टी सासरे आणि दीर बघतात, काउंटरवर सासूबाई, आणि फोनवरचं सगळं म्हणजे फेसबुक पेज, इन्स्टा, गुगलवरचे रिव्ह्यू, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे माझ्याकडं. आधी काय, फोटो टाकायचा, ओळखीचे लोक ‘मस्त’ लिहायचे, विषय संपला. आता बाहेरगावच्या एकानं आमच्या कढईचा रील केला, तो बराच फिरला, आणि तेव्हापासून कमेंटचा पूर आलाय. चांगल्या आहेतच, खरं ज्यानं झोप उडते त्या पण आहेत.

पुण्याच्या एका बाईंनी गुगलवर लिहिलंय की डबा घरी नेऊन उघडला तर कुंदा आंबूस लागला, दोन स्टार. दुसरे भाववाले, ‘आमच्याकडं निम्म्या भावात मिळतंय’. आणि तिसरं तुम्हाला माहितीच आहे, पोस्ट मराठीत आहे म्हणून एकजण लिहितोय ‘कर्नाटकात राहता तर कन्नडात लिहा’, लगेच त्याच्या खाली दुसरा ‘बेळगाव आमच्या बापाचं’, आणि दोघांच्या मध्ये आमच्या कुंद्याचा फोटो. वर हाहा दाबून जाणारे वेगळेच.

उत्तर नाही दिलं तर यांना काय पडलेलीच नाही असं दिसतंय, दिलं तर खाली अजून दहा जण येतात. दीर म्हणतोय सगळं डिलीट मार. तुम्ही काय करता?

टिळकवाडी_टाइम

ताई, मी गावातल्या पाच-सहा दुकानांची पेजं बघतो, हाच माझा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गुगलवर तुम्ही जे उत्तर लिहिता ते त्या पुण्याच्या बाईंसाठी कमी आणि उद्या गोव्याहून नाहीतर कोल्हापुराहून येणारा माणूस गाडीत बसून ‘बेळगावात कुंदा कुठं घ्यायचा’ शोधतोय त्याच्यासाठी जास्त असतंय. तो काहीच लिहीत नाही, लाईक करत नाही, नुसता वाचतो आणि मग ठरवतो तुमच्याकडं वळायचं की पुढच्या दुकानात. असले मुके वाचणारे लिहिणाऱ्यांच्या कितीतरी पट. त्यामुळं ‘त्या बाईला कसं गप्प करू’ असा विचार केला की उत्तर चुकतंय, ‘वाचणाऱ्याला आमच्याबद्दल काय कळलं पाहिजे’ असा केला की आपोआप सरळ येतंय.

आणि हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत टेक्सासमधल्या हॉटेलांच्या ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरच्या रिव्ह्यूंचा अभ्यास झाला होता, २०१७ ला छापून आला. ज्या हॉटेलांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली त्यांच्याकडं रिव्ह्यू साधारण १२ टक्क्यांनी वाढले आणि सरासरी रेटिंग ०.१२ स्टारनं वर गेलं. ०.१२ म्हणजे काय मोठं नाही असं वाटेल, खरं गुगलवर ४.२ आणि ४.३ मध्ये माणूस कुठं जातो ते बघा. त्यात अजून एक मला फार पटलेली गोष्ट, मालक उत्तर देतो हे दिसल्यावर वाईट रिव्ह्यू कमी झाले, खरं जे आले ते जास्त लांब आणि सविस्तर आले. म्हणजे उगीच फटकारून जाणारा गप्प बसतो आणि खरंच त्रास झालेला नीट लिहितो. धंद्याला दुसऱ्याचाच उपयोग जास्त.

डिलीटचं म्हणाल तर गुगलवरचा रिव्ह्यू मालकाला डिलीट करताच येत नाही, फक्त रिपोर्ट करता येतो. फेसबुक-इन्स्टावर येतं, खरं खरी तक्रार पुसली की तो माणूस स्क्रीनशॉट घेऊन चार ग्रुपवर टाकतो. शिव्या, अश्लील, कुणाचा फोन नंबर टाकलेला, हे बिनधास्त पुसा. तक्रार पुसू नका.

कुंद्याच्या कमेंटला असं लिहा बघू:

‘ताई नमस्कार. कुंदा आंबूस लागला हे वाचून वाईट वाटलं. आमचा कुंदा बाहेर चार दिवस टिकतो, उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिला तर त्याआधीही उतरतो. तुम्ही कुठल्या दिवशी घेतला ते कळवा, त्या दिवसाची भट्टी बघून आम्ही फोन करतो.’

पणजी_बेळगाव_अपडाऊन

मी धंदेवाला नाही, गिऱ्हाईक आहे. महिन्यातून एकदा तरी चोर्ला घाटावरून बेळगावात येणं होतं आणि येताना हेच करतो जे वर लिहिलंय. पाच स्टारवाले वाचतच नाही, ते घरचेच असतात कधीकधी. मी सरळ कमीत कमी स्टारवर जातो आणि खाली मालकानं काय लिहिलंय ते बघतो. एका खाणावळीच्या मालकानं गिऱ्हाइकाला ‘तुम्हाला चवच कळत नाही, पुन्हा येऊ नका’ असं लिहिलेलं, मी तिथं गेलोच नाही, जेवण कसं होतं देव जाणे.

वरचं उत्तर चांगलंय, खरं ‘डिकीत राहिला तर’ हे काढा. मी ती बाई असतो तर मला वाटलं असतं, बघा, माझ्याच गळ्यात घातलं.

वडगाव_माग

+१ डिकीवर. खरी असली तरी ती गोष्ट पहिल्या उत्तरात नको. आधी विचारा, मग सांगा.

टिळकवाडी_टाइम

मान्य. टिकण्याचं सांगायचं आहेच, कारण वाचणाऱ्याला ते कळायला पाहिजे, खरं त्या बाईंवर न ढकलता सांगता येतंय. हे बघा:

‘ताई नमस्कार, मी दुकानातूनच बोलतेय. कुंदा आंबूस लागला हे वाचून वाईट वाटलं, पुण्यापर्यंत हौसेनं नेलात आणि असं झालं. कुठल्या दिवशी घेतला तेवढं कळवा, त्या दिवसाची भट्टी आम्ही तपासतो आणि तुम्हाला फोन करतो. लांब नेणाऱ्यांसाठी सकाळचा ताजा घाणा वेगळा काढून देतो, काउंटरवर फक्त कुठं जायचंय ते सांगा.’

शेवटचं वाक्य बाईंसाठी नाहीच, ते गाडीत बसलेल्यासाठी. आणि फोन नंबर, ऑर्डर, पत्ता हे तिथं उघड लिहू नका, मेसेजमध्ये मागा. काही दुकानदार रागाच्या भरात गिऱ्हाइकाच्या बिलाचा फोटोच खाली टाकतात, नंबरासकट. ते करायचंच नाही.

जांबोटीचा_पाऊस

आमचा जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेवर होमस्टे आहे. पावसाळ्यात गोव्याचे, बेळगावचे, हुबळी-धारवाडचे लोक येतात. आम्हाला आलेले कमी स्टार सांगतो: नेटवर्क नाही. लाईट गेली. जळवा चावल्या. रस्त्यात धुकं होतं. आता चोर्ल्याच्या पट्ट्यात जुलैमध्ये धुकं नाही तर काय असणार असं मनात येतंच, माझ्या मुलाला तर तसंच लिहायचं होतं.

खरं मी विचार केला, हैदराबादच्या माणसाला जळू म्हणजे काय माहीत असणार. त्याची पोरगी रडली असेल, बायको घाबरली असेल, तो दोन स्टार देणारच. म्हणून मी उत्तरात तिथं जळवा कधी असतात, जूनपासून साधारण पाऊस ओसरेपर्यंत, पायात काय घालायचं, मीठ किंवा तंबाखूची पूड कशी लावायची, चावली तर ओढून काढू नका, हे सगळं लिहिलं. आणि आम्ही दारातच मिठाची बरणी आणि लांब मोजे ठेवले, त्याचा फोटो त्याच उत्तराच्या आधारानं पेजवर टाकला. नेटवर्कवाल्याला लिहिलं की इथं फोन लागत नाही, तातडीचं असेल तर घरात वायफाय आहे आणि लाईट गेली तर तेही बंद, ऑफिसचं काम असणाऱ्यांनी बेळगावातच राहावं. आता लोक बुकिंगच्या आधी फोन करून विचारतात ‘जळवा आहेत काय हो?’ आणि तरी येतात. ज्यांना चालत नाही ते येत नाहीत, त्यांचे दोन स्टार पण येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच की एकच तक्रार परत परत आली तर तिचं उत्तर कमेंटमध्ये न देता जागेवर द्यायचं. डब्यावर, बोर्डावर, बुकिंगच्या मेसेजात.

भट्टीवाली_शहापूर

दादा हे फार पटलं. आमच्या डब्यावर टिकण्याचं लिहिलंय खरं ते तळाला, बारीक. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावायचा नियम २०२० च्या ऑक्टोबरपासून आलाय, ती पाटी आम्ही रोज बदलतो, डब्याचं मात्र जुनंच स्टिकर चाललंय. सासऱ्यांना दाखवते.

निपाणीकर_मामा

मी जुना माणूस, बियाणं-खताचं दुकान चाळीसेक वर्षं चालवलंय, आता मुलगा बघतो. आमच्या वेळी गिऱ्हाईक समोर येऊन भांडायचं, चहा पाजला की अर्धी भांडणं तिथंच मिटायची. आता माणूस समोर नाही त्यामुळं दोघांच्याही जिभेला हाड राहत नाही. माझं मत, तीन ओळीच्या वर लिहायचं नाही आणि सरळ फोन करायचा. लिहून कुणाचं समाधान झालेलं मी बघितलं नाही.

आणि भाषेचं. पोरी, मराठीत लिहिणं सोडू नकोस. कुणी कमेंट टाकली म्हणून आपली भाषा खाली उतरवायची नाही. एवढं लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

गोकाक_रोड

मामा, मराठी सोडा असं कुणीच म्हणालं नाही. मी घरात मराठी, आजोळ गोकाककडचं कन्नड, दोन्ही माझ्याच भाषा आहेत, म्हणून लिहितो.

दोन वेगळी माणसं एका कमेंटीत मिसळू नका. एक असतो जो ‘कन्नडात लिहा’ म्हणतो त्याला भांडायचंच असतंय, त्यानं तुमचा कुंदा खाल्लेला नसतो, त्याचं प्रोफाइल उघडा, दिवसभर पन्नास पेजांवर तेच चिकटवत फिरतोय. दुसरी असते बैलहोंगलाची नाहीतर सौंदत्तीची एखादी अक्का, जिला खरंच मराठी वाचता येत नाही आणि लग्नाला दहा किलो पाहिजे, ती पण ‘कन्नडदल्ली हाकरी’ (कन्नडात टाका हो) असंच लिहिते. पहिल्याला उत्तर द्यायची गरज नाही. दुसरीला दिलं नाही तर दहा किलोची ऑर्डर गेली आणि आपण एका चांगल्या बाईला कारण नसताना दुखावलं ते वेगळंच.

मी काय करतो, ज्यानं ज्या भाषेत मालाबद्दल लिहिलंय त्याला त्याच भाषेत. ‘छलो अदरी’ (चांगलं आहे) लिहिलं असेल तर ‘निमगे सेरितु अंत केळि भाळ खुषी आत्री’ (तुम्हाला आवडलं हे ऐकून फार आनंद झाला). तक्रार असेल तर ‘नंबर कळसरी, नावे फोन माडतेवी’ (नंबर पाठवा, आम्हीच फोन करतो). व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लायची सोय आहे, तिरकी रेघ टाकून छोटा शब्द लिहिला की आधी सेव्ह केलेलं वाक्य येतंय. मराठी, कन्नड, हिंदी, कोंकणी अशी चार-चार वाक्यं करून ठेवा. कन्नड वाक्यं कुणा कन्नड माणसाकडून लिहून घ्या, भाषांतराच्या अ‍ॅपमधून नको, ते बेंगळुरूचं पुस्तकी कन्नड देतंय, आपल्या भागात ते परक्यासारखं वाटतंय.

वडगाव_माग

आमचं साड्यांचं. पोस्टमध्ये वर मराठी, खाली कन्नड, दोन्ही तेवढ्याच अक्षरांत. दुकानाच्या फलकावर २०२४ पासून ६० टक्के कन्नडचा नियम आहे तो पाळलाय, पेजवर असला नियम नाही तरी आम्ही दोन्ही लिहितो कारण निम्मी गिऱ्हाइकं कन्नड आहेत, आमच्या मागावर बसणाऱ्यांतले पण निम्मे कन्नड बोलणारेच. मामांचं पण बरोबर, मराठी काढायची नाही. आम्ही काढली नाही, कुणी बोललं नाही.

आमची तक्रार वेगळी, रंग. फोटोत अंजिरी दिसला, घरी आली तर वांगी. आता प्रत्येक साडीचा एक व्हिडिओ दुपारी अंगणात, ट्यूबलाईटशिवाय, आणि शेजारी झेंडूचं फूल नाहीतर हळदी-कुंकवाचं ताट ठेवून. झेंडूचा रंग सगळ्यांना माहीत असतो, त्याच्याशी ताडून बघता येतंय. ‘रंग वेगळा आला’ असं कुणी लिहिलं की मी तोच व्हिडिओ खाली टाकतो, वाद घालत नाही, परत पाठवायचा पत्ता देतो. परत पाठवणारे फार कमी निघतात.

भट्टीवाली_शहापूर

आणि भाववाल्यांना? ‘निम्म्या भावात मिळतंय’ याचं काय उत्तर?

टिळकवाडी_टाइम

भाव कमी करतो असं कधीच कमेंटमध्ये लिहायचं नाही, आधी घेतलेल्याला वाटतं आपल्याला फसवलं. दूध किती लागतं ते सांगा. तुमच्या एक किलो कुंद्याला किती लिटर दूध आटतं ते सासऱ्यांना विचारून खरा आकडा लिहा, कढई किती तास चुलीवर असते ते लिहा. शक्य असेल तर दूध आटतानाचा व्हिडिओ, पांढरं दूध तपकिरी होईपर्यंतचा, वेग न वाढवता तुकड्या-तुकड्यांत. निम्म्या भावात कसं मिळतं ते मग लोक आपल्या आपण समजतात, दुसऱ्या दुकानाचं नाव आपण घ्यायचं नाही. हे पक्कं.

आता ते भांडणवाल्यांचं, गोकाकदादांनी मुद्द्याचं सांगितलं, मी जरा पुढचं सांगतो कारण यात नुकसान मोठं होऊ शकतंय. सीमाभागात काही घडलं की त्याची झळ पेजला लागतेच. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, २०२५ च्या फेब्रुवारीत बस कंडक्टरच्या मारहाणीवरून दोन्हीकडच्या एसट्या थांबल्या, त्या त्या आठवड्यांत मी बघत असलेल्या पेजवर कधी दुकानात पाय न ठेवलेल्यांचे एक स्टार आले. मराठी नाव म्हणून इकडून, फलक कन्नड म्हणून तिकडून.

असली लाट मोठ्यांनाही चुकत नाही. २०१७ ला स्नॅपचॅटच्या साहेबाच्या तोंडी घातलेल्या एका वाक्यावरून लोक भडकले आणि नावात साम्य म्हणून स्नॅपडीलला एक स्टार देत सुटले, ज्यांचा काहीच संबंध नव्हता. २०१९ ला होळीच्या जाहिरातीवरून सर्फ एक्सेलवर राग आणि एक स्टार कुणाला, तर मायक्रोसॉफ्ट एक्सेलला. रागावलेला माणूस नाव पण नीट वाचत नाही, मग तुमचं स्पष्टीकरण काय वाचणार?

म्हणून अशा वेळी एकेकाला उत्तर देत बसायचं नाही. फेसबुक-इन्स्टाचं गणित असं आहे की जिथं कमेंट वाढतात ती पोस्ट अजून लोकांपुढं जाते, प्रत्येक उत्तरानं तुम्ही भांडणालाच पाणी घालता. गुगलवर प्रत्येक असल्या रिव्ह्यूवर तीन टिंबं दाबून रिपोर्ट करा, विषयाशी संबंध नाही हे कारण निवडा. राजकीय-सामाजिक मतं रिव्ह्यूत टाकणं गुगलच्या नियमात बसत नाही. आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. लगेच निघत नाहीत, चिकाटी लागते, नाकारलं तर अपील करता येतं. आणि त्या दिवसांत नवीन पोस्ट टाकायचीच असेल तर फक्त मालाची.

फेसबुकवर कमेंट हाईड करताना एक ध्यानात ठेवा, हाईड केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते. त्यामुळं त्याला कळत नाही आणि बोंब होत नाही. इन्स्टावर रिस्ट्रिक्ट आहे, त्या माणसाच्या कमेंट त्यालाच दिसतात, तुम्ही परवानगी दिली तरच बाकीच्यांना. ब्लॉक केलं की तो दुसऱ्या नावानं येतो, रिस्ट्रिक्टमध्ये बहुतेक वेळा येत नाही.

निपाणीकर_मामा

हे रिस्ट्रिक्टचं माहीत नव्हतं. मुलाला सांगतो. खरं माणसाला उत्तर न देणं मला जड जातंय. आपल्या दारात येऊन कुणी बोलला तर गप्प कसं बसायचं?

गोकाक_रोड

मामा, तो दारात आलेला नसतो. दारात आलेल्याला चहा द्यायचाच. हा रस्त्यावरून ओरडत गेलाय.

कोर्टकचेरी_बेळगाव

वकील आहे, थोडं कायद्याचं, कारण दोन प्रकार हल्ली माझ्याकडं वारंवार येतात.

पहिला, दुकानदार चिडून ‘तुमच्यावर बदनामीची केस टाकतो’ असं उत्तरात लिहितो. लिहू नका. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, खरं गिऱ्हाइकानं स्वतःला आलेला अनुभव प्रामाणिकपणे लिहिला असेल तर केस उभी राहणं अवघड आणि धमकीचा स्क्रीनशॉट मात्र आधी फिरतो. खोटं, ठरवून केलेलं, पैसे मागण्यासाठी केलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कमेंटमध्ये नाही, पुराव्यासकट रीतसर जा.

दुसरा, रील करणारे येतात, फुकट ताट मागतात नाहीतर ‘वाईट टाकीन’ म्हणतात. तोंडी बोलू नका, जे काय असेल ते मेसेजवर लिहून घ्या. आणि उलट बाजूनं तुम्ही पैसे किंवा फुकट माल देऊन कुणाकडून कौतुक करून घेतलं तर ते जाहिरात आहे हे त्यानं सांगायला पाहिजे, केंद्राच्या २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक सूचना आणि त्यानंतरच्या २०२३ च्या सूचना हेच सांगतात. रिव्ह्यू विकत घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंचं एक मानक २०२२ ला आलंय, आयएस १९०००, ते ऐच्छिक म्हणून आलं, पण विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत हे त्यात स्पष्ट आहे. भाच्यांना, मेव्हण्यांना पाच-पाच स्टार टाकायला लावणं पण नको. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, आडनावं बघून लोक ताडतात.

मांडेवाल्या_अक्का_अनगोळ

मी लग्नाच्या मांड्यांच्या ऑर्डरी घेते. टायपिंग नातीकडून करून घेतेय. मला कमेंट वाचता येतात खरं लिहिता येत नाही पटपट, म्हणून मी आवाजातच उत्तर पाठवते व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘बाळा, मांडा मोडला म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, आता पुढच्या खेपेला पुठ्ठ्याच्या आत कागद घालून पाठवते’ असं. लोकांना आवाज ऐकला की राग उतरतो. एका मुलीनं तो आवाज तिच्या सासरी सगळ्यांना ऐकवला, तिच्या नणंदेच्या लग्नाची ऑर्डर आली. तुझ्या सासूबाईंना बोलायला लाव. भट्टीवरचा माणूस बोलला की लोकांना खरं वाटतं.

पणजी_बेळगाव_अपडाऊन

अक्का, हे भारी. मला पण ‘थँक्यू फॉर युवर व्हॅल्युएबल फीडबॅक’ सगळ्यांच्या खाली एकसारखं चिकटवलेलं दिसलं की वाटतं कुणी वाचलंच नाही. त्यापेक्षा उशिरा पण माणसानं लिहिलेलं बरं.

टिळकवाडी_टाइम

उशिराबद्दल थोडा असहमत. तक्रारीला त्याच दिवशी निदान ‘वाचलं, तपासून सांगतो’ एवढं तरी. भट्टी चालू असताना शक्य नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपला अवे मेसेज लावा, ‘दुपारी भट्टीवर असतो, संध्याकाळी सातनंतर उत्तर देतो’. वेळ सांगितली की लोक थांबतात. न सांगता थांबवलं की चिडतात. कौतुकाच्या कमेंटला दोन दिवस लागले तरी चालतंय, तिथं मात्र नाव घेऊन लिहा, काय आवडलं म्हणाले त्याचा उल्लेख करा.

भट्टीवाली_शहापूर

अपडेट देते. दुसरं उत्तर, डिकी काढलेलं, टाकलं. बाईंनी तारीख कळवली, सासूबाईंनी स्वतः फोन केला, मी फक्त नंबर लावून दिला. बोलता बोलता कळलं की त्या आधी गोव्याला गेल्या होत्या आणि परतताना पुण्याला, म्हणजे डबा तीन-चार दिवस गाडीतच. सासूबाईंनी त्यावर एक शब्द सुनावला नाही, ‘पुढच्या वेळी परतीच्या दिवशी घ्या, आम्ही सकाळी काढून ठेवतो’ एवढंच. बाईंनी स्टार बदलले नाहीत, दोनच आहेत, खरं खाली लिहिलं की दुकानातून फोन आला, नीट बोलले. आणि ते वाचून कालपासून तिघा-चौघांनी ‘लांब न्यायचंय, ताजा काढून ठेवा’ असा मेसेज केला.

स्टिकरचं सासऱ्यांना पटलं. आता झाकणावरच मोठ्या अक्षरात तारीख, मराठी आणि कन्नड दोन्हीत. कन्नड मजकूर शेजारच्या शिक्षिका वहिनींनी लिहून दिला. दूध किती आटतं ते विचारल्यावर सासरे अर्धा तास बोलत होते, दह्याचं प्रमाण, दाणा कसा पडतो, कधी साखर घालायची, सगळं. ते रेकॉर्ड केलंय, दीर आता तुकडे करालाय व्हिडिओचे. डिलीट मार म्हणणारा तोच.

भाषेच्या भांडणाला काहीच उत्तर दिलं नाही. दोघं एकमेकांशी रात्री उशिरापर्यंत भांडले आणि गेले. मध्ये रामदुर्गच्या एका अक्कांची कन्नडातली कमेंट त्या गर्दीत दबली होती, ‘पार्सल कळस्तीरी एनु’ (पार्सल पाठवता काय) म्हणून विचारत होत्या, ती शोधून उत्तर दिलं.

वडगाव_माग

ती कमेंट पिन करा. इन्स्टावर तीन कमेंटपर्यंत पिन करता येतात. भांडण खाली जातं आणि पार्सलचं उत्तर सगळ्यात वर दिसतं, विचारणाऱ्यांना पण सोयीचं.

भट्टीवाली_शहापूर

केलं. हे चांगलं सांगितलंत दादा.

शिवणक्लास_खानापूर

धागा आत्ता वाचला, सगळंच कामाचं. मी मुलींचे ब्लाऊज डिझाइनचे व्हिडिओ टाकते, माझ्या पेजवर तक्रारी कमी आणि घाण कमेंट जास्त, बाई दिसली की सुरू. एकेक पुसून कंटाळा येतो. काही सोय आहे का की त्या आधीच गाळल्या जातील?

टिळकवाडी_टाइम

आहे की. इन्स्टाच्या सेटिंगमध्ये हिडन वर्ड्स म्हणून आहे, तिथं आपली यादी देता येते, ते शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपतात. फक्त वेगळ्या लिपीत किंवा वेगळ्या स्पेलिंगनं लिहिलेला शब्द सुटू शकतो, म्हणून एकच शिवी देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत दोन-तीन स्पेलिंगनं आणि कन्नड लिपीत, अशी सगळी रूपं घाला. आपल्या भागात तिन्ही चालतात. फेसबुक पेजच्या मॉडरेशनमध्ये पण शब्दांची अशीच यादी देता येते.

यादी करायला घरच्या मुलींना बसवू नका, मला मेसेज करा, आमच्याकडं तयार आहे, पाठवतो. आणि जो मेसेजमध्ये येऊन त्रास देतो त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा, वारंवार झालं तर सायबर क्राईमच्या १९३० वर नाही, तो पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर महिला-मुलांसाठी वेगळा भाग आहे तिथं तक्रार करा, काही प्रकारांत नाव न देता पण करता येते.

शिवणक्लास_खानापूर

मेसेज केलाय. थँक्यू दादा.